नगरमध्ये रणगाडे सापडतात, बॉम्बर विमानं फक्त चित्रांत उरलीत. पण ती चित्रं विकत घेताना नेमकं काय विकत घेतलं जातं?

अहिल्यानगरला पाहुणा आला की दाखवायची ठिकाणं ठरलेली आहेत. भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल (जो खरंतर सलाबतखानाची कबर आहे, पण नगरकर ऐकत नाहीत) आणि रणगाडा संग्रहालय. फेब्रुवारी 1994 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिनचंद्र जोशी यांनी या संग्रहालयाचं उद्घाटन केलं. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या जपान्यांचे रणगाडे, पाकिस्तानकडून हिसकावलेले पॅटन. सगळं खरं, हात लावून बघता येईल इतकं जवळ.

मग त्याच युद्धातली बॉम्बर विमानं कुठे आहेत?

बहुतेक भंगारात गेली. लँकेस्टर जातीची 7,377 विमानं बांधली गेली होती. आज त्यातली उडू शकणारी जगात फक्त 2 आहेत, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. अमेरिकेने लिबरेटर जातीची 18 हजारांवर विमानं बांधली, ती युद्ध संपल्यावर वितळवून त्यांच्या ॲल्युमिनियमची भांडीकुंडी झाली. रणगाडा चौकात उभा करता येतो. चार इंजिनांचं विमान उभं करायला हँगर लागतो, आणि हँगर राखायला पैसा.

म्हणून बॉम्बर विमानांची आठवण चित्रांत उरली. यातूनच एक छंद आणि एक बाजार तयार झाला. युद्धकाळातल्या विमानांची चित्रं, त्यांच्या मोजक्या प्रती, खाली चित्रकाराची पेन्सिलने केलेली सही आणि शेजारी त्या विमानातून उडालेल्या वैमानिकांच्या सह्या. ब्रिटन-अमेरिकेत हा छंद जुना आहे. आपल्याकडे तो आत्ता आत्ता मोबाइलमधून शिरतोय. ऑपरेशन सिंदूर, त्यानंतर 26 सप्टेंबर 2025 ला मिग-21 चा निरोप, यामुळे लढाऊ विमानांचे फोटो, पोस्टर, कॅनव्हास प्रिंट यांचा फीडमध्ये पूर आला. त्यातच ‘लिमिटेड एडिशन’, ‘कलेक्टर्स प्रिंट’ असे शब्द दिसायला लागले. लष्कराचं गाव म्हणून वाढलेल्या नगरसारख्या ठिकाणी, जिथे जवळच्या नात्यात एक तरी फौजी असतोच, अशा चित्राला भिंत मिळायला वेळ लागत नाही.

तर आधी हे प्रिंट प्रकरण समजून घेऊ.

‘प्रिंट’ म्हणजे पोस्टरच ना?

हो आणि नाही. चित्रकार कॅनव्हासवर तैलरंगात मूळ चित्र काढतो, ते एकच असतं. त्याचा उत्तम दर्जाचा फोटो घेऊन ऑफसेट छपाईवर ठरावीक प्रती काढतात, समजा 500. प्रत्येकीवर क्रमांक पडतो, 137/500 असा. चित्रकार प्रत्येक प्रतीवर सही करतो. काही प्रती ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ म्हणून वेगळ्या ठेवतात. काहींच्या कडेच्या पांढऱ्या जागेत चित्रकार पेन्सिलने छोटं स्वतंत्र रेखाचित्र काढून देतो, त्याला ‘रिमार्क’ म्हणतात आणि त्याची किंमत अर्थातच जास्त असते.

पण या बाजाराला खरी चढती कळा आली ती वैमानिकांच्या सह्यांमुळे. ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट टेलर यांच्या प्रतींवर युद्धातल्या वैमानिकांच्या सह्या घेऊन विकायला सुरुवात झाली आणि पुढे निकोलस ट्रजन, जेराल्ड कुल्सन अशा कितीतरी चित्रकारांचं काम त्याच वाटेने गेलं. चित्र भिंतीवर लावायचं, पण विकत घ्यायची ती सही. ज्या हाताने ते विमान उडवलं त्याच हाताने ओढलेली रेघ.

हा बाजार मुळातच संपणारा होता, हे लक्षात घ्यायला हवं. 16-17 मे 1943 च्या रात्री 19 लँकेस्टर विमानांनी जर्मनीतल्या धरणांवर हल्ला केला. 133 जण गेले होते, त्यातले 53 मेले. या मोहिमेतले शेवटचे हयात वैमानिकदलातले सैनिक जॉनी जॉन्सन 7 डिसेंबर 2022 ला वारले. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या ‘इनोला गे’चे शेवटचे साक्षीदार थिओडोर व्हॅन कर्क त्याआधीच, जुलै 2014 मध्ये गेले. म्हणजे आता नवी सही येणार नाही. आहेत त्याच फिरत राहणार, आणि त्यांच्या जोडीला बनावटही.

अस्सल-नक्कल ओळखायची एक सोपी युक्ती घड्याळजीकडे मिळते. त्याच्याकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि सहीवर धरायचं. ऑफसेटने छापलेली सही बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसते, शेजारच्या आभाळासारखीच. खऱ्या पेन्सिलीच्या सहीत ठिपके नसतात. शिशाची किंचित चमक असते आणि कागद दबलेला असतो, तिरप्या उजेडात तो खड्डा दिसतो. ज्या प्रतीवर सहीच छापील आहे ती वाईट नाही, पण मग ते पोस्टर आहे आणि पोस्टरच्याच किमतीला घ्यावं.

जीएसटी कमी झाला, मग हेही स्वस्त झालं का?

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले तेव्हा चित्रं, मूळ एन्ग्रेव्हिंग, प्रिंट, लिथोग्राफ आणि 100 वर्षांहून जुन्या वस्तू यांच्यावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ही बातमी वाचून ‘प्रिंट स्वस्त झाले’ असं अनेकांनी धरलं.

इथे मेख ‘मूळ’ या शब्दात आहे. करकायद्याच्या भाषेत मूळ प्रिंट म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या हाताने कोरलेल्या किंवा रेखाटलेल्या पाट्यावरून थेट उमटवलेला ठसा. यंत्राने किंवा फोटोच्या मदतीने तयार केलेली प्रत त्यात बसत नाही, हे व्याख्येतच म्हटलंय. बॉम्बर विमानांची जवळपास सगळी लिमिटेड एडिशन चित्रं फोटोवरून ऑफसेटने छापलेली असतात. खाली चार सह्या असोत वा चाळीस, कायद्याच्या नजरेत तो छापील कागद आहे आणि त्याचं खातं वेगळं. ‘5 टक्केवाली कला’ म्हणून कोणी बिल फाडत असेल तर त्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

दुसरा गैरसमज ‘अँटिक’ या शब्दाचा. 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार वस्तू किमान 100 वर्षं जुनी असावी लागते. दुसरं महायुद्ध 1945 ला संपलं. त्या युद्धाचं कोणतंही चित्र आज अँटिक नाही, विकणाऱ्याने फ्रेमला कितीही काळं पॉलिश मारलेलं असो. मात्र याच कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना 75 वर्षांची अट आहे. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो, पण पुढे कामाला येणार आहे.

भिंतीवरचं विमान कोणाचं?

आता मुख्य मुद्दा. या बाजारात उतरलं की काय दिसतं? लँकेस्टर, इंग्लंडचं धुकं, पहाटेचं आभाळ, परतणारं जखमी विमान. चित्र देखणं असतं यात वाद नाही. पण ही चित्रं एका विशिष्ट गिऱ्हाइकासाठी काढलेली आहेत. ज्याचा बाप किंवा आजोबा त्यात होता, अशा ब्रिटिश-अमेरिकन घरासाठी. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधले 55,573 लोक त्या युद्धात मेले. सुमारे सव्वा लाखांतले इतके. त्या घरांना हे चित्र म्हणजे देवघराशेजारचा फोटो आहे.

नगरच्या भिंतीवर ते कोण आहे?

हा प्रश्न खोचक वाटेल, पण त्याला उत्तर आहे आणि ते चांगलं आहे. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर हे नाव किती जणांनी ऐकलंय? आडनाव आपल्या गोवा-कोकण पट्ट्यातलं. हा माणूस ब्रिटिश हवाई दलाच्या 83 क्रमांकाच्या तुकडीत लँकेस्टरवर नॅव्हिगेटर होता. ही ‘पाथफाइंडर’ तुकडी, म्हणजे बाकी विमानांच्या पुढे जाऊन अंधारात लक्ष्य शोधून त्यावर खुणेचे दिवे टाकणारी. नॅव्हिगेटर चुकला तर मागून येणारं सगळं दळ चुकणार. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. आज लंडनच्या संग्रहालयात उभं असलेलं प्रसिद्ध ‘एस-शुगर’ लँकेस्टर काही काळ याच 83 क्रमांकाच्या तुकडीत होतं. सहीवाल्या चित्रांच्या बाजारात मात्र सुखठणकरांचं नाव सापडणं कठीण.

लिबरेटरची कथा तर त्याहून भारी आहे.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांना उसन्या मिळालेल्या अमेरिकन लिबरेटर विमानांचा ढीग कानपूरला पडून होता. अमेरिकेला ती परत नको होती आणि कोणी वापरावीत हेही मान्य नव्हतं, म्हणून जाताना त्यांची मोडतोड करण्यात आली. 1948 मध्ये नव्या भारताला बॉम्बर हवे होते आणि पैसे नव्हते. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी तो ढीग उपसला, एकाचे अवयव दुसऱ्याला लावले आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती डागडुजी केलेली विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे पूर्ण दुरुस्ती होऊन चाळीसहून अधिक विमानं हवाई दलात आली. नोव्हेंबर 1948 मध्ये 5 क्रमांकाची तुकडी त्यावर उभी राहिली. भंगारातून काढलेली ही विमानं पुढे वीस वर्षं, 1968 च्या अखेरपर्यंत उडत होती. जुगाड हा शब्द आपण उगाच स्वस्तात वापरतो.

तोवर जगात इतरत्र लिबरेटर जवळपास नामशेष झाले होते. मग परदेशी संग्रहालयं भारताकडे आली. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं लिबरेटर भारतीय हवाई दलातून गेलंय. कॅनडाच्या ओटावातलं, अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयातलं आणि कॉलिंग्ज फाउंडेशनकडचं ‘विचक्राफ्ट’ हीसुद्धा आपल्याकडूनच गेलेली. एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. पश्चिमेतली प्रेक्षक मंडळी ज्या विमानासमोर सेल्फी काढतात, ती जिवंत राहिली कारण कानपूर-बंगळूरच्या मेकॅनिकांनी ती भंगारात जाऊ दिली नाहीत. त्यातल्या काहींवर रंग मात्र आता अमेरिकन तुकड्यांचे आहेत. चित्रंही त्याच रंगात निघतात.

नगर रोडवरून उडालेले बॉम्बर

नगरहून पुण्याला जाताना वाघोली, खराडी ओलांडली की उजव्या अंगाला विमाननगर आणि पलीकडे लोहगाव. 1939 मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी हा तळ उभारला गेला. महायुद्धात इथे वेलिंग्टन आणि मॉस्किटो बॉम्बर होते. त्याच काळात नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद कैदेत होते. ऑगस्ट 1942 पासून पुढची अडीच-पावणेतीन वर्षं नेहरूंनी युद्धाच्या बातम्या तिथेच वाचल्या आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. साम्राज्याचे बॉम्बर आणि साम्राज्याचे कैदी यांच्यात फार मोठं अंतर नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर याच लोहगावला कॅनबेरा आले. 1957 मध्ये भारताने ही जेट बॉम्बर विमानं ब्रिटनकडे मागवली. 18 डिसेंबर 1961 च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून 12 कॅनबेरा निघाली आणि गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर 63 हजार पौंड बॉम्ब टाकले. मागून आणखी 8 गेली. आदेश असा होता की धावपट्टी फोडायची, पण टर्मिनलला हात लावायचा नाही, कारण उद्या ते आपल्यालाच वापरायचं आहे. हिशोब इतका काटेकोर निघाला की त्या रात्री पोर्तुगीजांनी खड्डे तात्पुरते बुजवून दोन प्रवासी विमानं कराचीकडे पळवली. दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरला, पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. आज गोव्याला विमानाने जाणारे अनेक मराठी पर्यटक त्याच जागी उतरतात.

कॅनबेरा पुढे काँगोत संयुक्त राष्ट्रांसाठी लढले, 1965 आणि 1971 ला लढले, कारगिलमध्ये टेहळणी करताना एकाला क्षेपणास्त्र लागूनही ते सुखरूप उतरलं. 11 मे 2007 ला आग्र्यात त्यांना निरोप दिला गेला. पन्नास वर्षांची नोकरी. त्यानंतर भारताकडे निव्वळ बॉम्बर म्हणावं असं विमान आलेलं नाही.

आता पुणे-गोवा मोहिमेचं सहीवालं, क्रमांक घातलेलं चित्र शोधून बघा. लँकेस्टरची शंभर दिसतील तेव्हा याचं एखादं दिसलं तर नशीब. भारतीय हवाई दलाची विमानं रंगवणारे चित्रकार नाहीत असं नाही. ग्रुप कॅप्टन देब गोहाईं स्वतः हवाई दलातले आणि त्यांनी आयुष्यभर हेच केलं. पण अशी चित्रं बहुतेक मेसमध्ये आणि मुख्यालयात लागतात, सर्वसामान्यांसाठी त्यांच्या प्रती क्वचित निघतात. गंमत म्हणजे फ्रँक वूटन हा ब्रिटिश विमानचित्रकलेतला बाप माणूस युद्धाच्या शेवटी ब्रिटिश हवाई दलासाठी भारत आणि ब्रह्मदेशात येऊन चित्रं काढून गेला होता. आपल्याकडे त्याची आठवण कोणाला नाही.

रिकामी जागा कोण भरतंय?

एआय. मे 2025 मध्ये काय झालं ते आठवा. व्हिडिओ गेममधले तुकडे खऱ्या हल्ल्याचे म्हणून फिरत होते आणि सरकारी फॅक्ट-चेक विभागाला खुलासे करावे लागत होते. आता तोच प्रकार इतिहासाबाबत सुरू आहे. ‘1961, गोवा मुक्ती’ असं लिहिलेलं एक झकास चित्र येतं, लोक ते कॅनव्हासवर छापून घेतात, शाळेच्या कार्यक्रमात लावतात.

अशी चित्रं पकडायला तज्ज्ञ लागत नाही. विमानाला इंजिनं मोजायची. कॅनबेराला दोन जेट इंजिनं, पंख्यांचा प्रश्नच नाही आणि तोफा लावलेले काचेचे घुमटही नाहीत. भारताने घेतलेल्या मुख्य प्रकारात वैमानिकाची काच मध्यभागी नसून डावीकडे सरकलेली असते, एआयला ही खोड सहसा माहीत नसते. मग पंखावरचं वर्तुळ बघायचं. अशोकचक्र असलेलं वर्तुळ हवाई दलाने फक्त 1948 ते 1950 या काळात वापरलं. ते कॅनबेरावर दिसलं तर चित्र खोटं, कारण कॅनबेरा आले तेव्हा केशरी-पांढरा-हिरवा गोल लागू झाला होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांच्या वर्तुळात लाल ठिपका नसायचा. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, घाईत आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून तो काढून टाकला होता. लाल ठिपक्याचं ‘1944 इंफाळ’ दिसलं की चित्रकाराने अभ्यास केलेला नाही, मग तो माणूस असो की मशीन.

आणखी एक गोष्ट कोणत्याच चित्रात नसते, अस्सल असो वा नक्कल. बॉम्ब जिथे पडला ती जमीन. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गवर ब्रिटिश बॉम्बरनी लावलेल्या आगीत 35 हजारांहून अधिक माणसं मेली. इनोला गेची चित्रं तिच्या वैमानिकाच्या सहीने विकली गेली, त्यात चकचकीत विमान आहे आणि खाली ढग आहेत. एप्रिल 1942 मध्ये विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर, डिसेंबरमध्ये कोलकात्यावर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा आपणही खाली होतो. बॉम्बरचं चित्र नेहमी वरून किंवा शेजारून काढलं जातं. संग्रह करणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवून संग्रह करावा, त्यात काही कमीपणा नाही.

मग नगरमधल्या एखाद्याने हा छंद लावून घेतला तर त्याने काय गोळा करावं? परदेशातून पार्सलने मागवलेलं, कस्टम भरून आलेलं पाचशेतलं एक लँकेस्टर हा एक पर्याय झाला. ते घ्यावं, आम्लरहित कागदाचं माऊंट लावावं, थेट उन्हाच्या भिंतीवर टांगू नये, वाळवी बघत राहावी.

पण खरा माल कदाचित शेजारच्या गल्लीत आहे. हवाई दलातून निवृत्त झालेल्यांच्या ट्रंका जिल्ह्यात गावोगाव आहेत. तुकडीचे ग्रुप फोटो, हँगरसमोरचे फोटो, मेकॅनिकची वही आणि नशिबात असेल तर वैमानिकाचं लॉगबुक. लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा क्रमांक, किती तास, कोण सोबत होतं हे हाताने लिहिलेलं असतं आणि महिनाअखेरीस वरिष्ठाची सही असते. ब्रिटिश बॉम्बर तुकड्यांत रात्रीची मोहीम लाल शाईने लिहायचे. चित्राखालची सही साठ वर्षांनी टेबलावर बसून केलेली असते, ही त्या महिन्यातली असते. आणि मघाचा 75 वर्षांचा नियम इथे लागू पडतो. महायुद्धातलं लॉगबुक ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून कायद्याच्या व्याख्येत येऊ शकतं, आणि तसं ठरलं तर खासगी व्यक्तीला ते परदेशी गिऱ्हाइकाला विकून पाठवता येत नाही. विदेशी खरेदीदार मेसेज करत असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

घर बदलताना या ट्रंका उघडतात. वरचा युनिफॉर्म ठेवला जातो, पदकं ठेवली जातात. खालचे कागद मात्र अजूनही किलोवर जातात.